सुरुवातीचा रिकामा भाग

माझे हात दुसऱ्याच्या खिशात वाजले तेव्हा मी पहाडगंजातल्या मराठी शाळेत, चौथीच्या वर्गात, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो. रविवारची मंडळाची बैठक होती. मी स्वतः चौथीच शिकलेला माणूस, तेव्हा चौथीच्या बाकावर बसायची मला लाज नाही. राग मात्र त्या वाजण्यावरून पुढे जो सुरू झाला तो अजून उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसलोय.

फोन मंडळाच्या सेक्रेटरीचा वाजला. चाळिशीतला माणूस, गुडगावच्या एका काचेच्या बिल्डिंगीत कामाला, हुशार, पण बोलताना समोरच्याकडे कमी आणि फोनकडे जास्त बघणारा. त्याच्या खिशातून ढोलकी वाजली. आणि मी हातातला चहा तसाच धरून राहिलो.

आपली ढोलकी आपल्याला ओळखू येते. फोटोत पाठमोरा उभा असलेला माणूसही स्वतःला ओळखतोच ना, तसं. ऑफिसात फायली शिवताना माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात एकदा आरी आरपार गेली होती. ते बोट तेव्हापासून ढोलकीच्या उजव्या पुडीवरच्या शाईवर जरा चपटं पडतं. खिशातून तेच बोट पडलं. मी म्हणालो, "हे काय वाजलं?"

"अरे काका, साहेबांची रिंगटोन!" सेक्रेटरी म्हणाला. "ग्रुप बघत नाही का तुम्ही? साहेबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे ना. म्हटलं, हार-तुरे तर सगळेच देतात. आपण त्यांचं ते जुनं भजन सगळ्यांच्या फोनमध्ये टाकू. कॅसेट घरी होती वडिलांची, ती कॉम्प्युटरवर घेतली आणि कापली."

"साहेब कुठं गातायत यात?"

"येतात ना पुढे. मी फोन उचलला म्हणून कट झालं."

दहा मिनिटांत तिघांचे फोन वाजले. तिघांनीही ढोलकीतच उचलले. साहेब कोणाच्याच खिशात तोंड उघडेनात. खरं सांगतो, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. राग यायचा होता अजून.

आता ती कॅसेट कशी झाली ते सांगायला हवं.

मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे कागद कापणारा, फायली शिवणारा, रजिस्टरांना पुठ्ठे चढवणारा. साहेब त्याच ऑफिसात सेक्शन ऑफिसर. मी राहायचो आर. के. पुरमच्या एका खोलीच्या क्वार्टरात. साहेब पलीकडच्या सेक्टरात, मोठ्या क्वार्टरात. ते पुण्याचे, मी सांगलीकडचा. ऑफिसात ते मला "अरे दफ्तरी" म्हणायचे आणि मी "जी साहेब", कारण ऑफिसात दोघांनी हिंदीच बोलायची असा त्यांचा नियम. मराठी फक्त गणपतीत.

गणपतीत साहेब गायचे. आवाज गोड होता, खोटं का बोलू. शिकलेला नव्हता पण गोड होता. त्यांच्याबरोबर तबल्याला एक ऑडिटमधले गृहस्थ आणि पेटीला बँकेतले एक. मी सतरंज्या घालायचो, पाण्याचे पिंप भरायचो, मंडपाला पडदे लावायचो. माझी ढोलकी खाटेखाली असायची. ती मला माझ्या मामानं दिलेली. मामा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा. मंडळात हे कळलं तेव्हा एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, "ढोलकी? बाई गं, गणपतीपुढे लावणी करायचीय का?" तेव्हापासून मी ढोलकीचं नाव काढलं नव्हतं. मला कोणाच्या दारात उभं राहून मागायची सवय नाही.

कॅसेट भरली त्या वर्षी देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता उघडला होता. ज्या वस्तू बघायला लोक कनॉट प्लेसच्या पालिका बाजारात चकरा मारायचे त्या घरोघरी दिसायला लागल्या होत्या. मंडळातल्या एकानं दोन कॅसेटींचा मोठा डेक घेतला होता आणि त्यावर साहेबांचं गाणं भरायचं ठरलं होतं. आणि नेमका तबलेवाला टायफॉइडनं आडवा. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, लोक बसले, साहेब घसा खाकरून बसले, आणि तबल्याच्या जागी कोणी नाही. तेव्हा पेटीवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्याकडे ढोलकी आहे म्हणतात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "जमेल का रे?"

"बघा तुम्ही," मी म्हणालो. घरी जाऊन ढोलकी आणली, हातातली पाण्याची बादली कोणाला दिली आठवत नाही.

पहिलं भजन साहेबांनी स्वतः चाल लावलेलं होतं. ठरलं असं की आधी नुसती ढोलकी वाजेल, पेटी एक सूर धरून राहील, दोन आवर्तनं झाली की साहेब उचलतील. मी सुरू केलं. एक आवर्तन. दोन. मी मान हलवली, या आता. साहेब आले नाहीत. बघतो तर त्यांचे डोळे मोठे झालेले, ओठ हलतायत आणि आवाज नाही. पहिला शब्दच विसरले होते. स्वतः चाल लावलेलं भजन! समोर तीनशे माणसं, पहिल्या रांगेत जॉइंट सेक्रेटरी, आणि तो डेक लाल दिवा लावून फिरतोय.

मी काय केलं? मी थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. ठेका जरा फिरवला, जणू ठरलेलंच आहे. मग लग्गी लावली, म्हणजे ठेका दुप्पट पळवला. मग एकच तुकडा तीनदा वाजवून, तिहाई घेऊन, समेवर त्यांना दार उघडून दिलं. आले नाहीत. पुन्हा फिरवला, पुन्हा तिहाई, पुन्हा सम. लोकांना वाटलं काय रंगलंय! टाळ्या आल्या. साहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब. शेवटी मी वाजवता वाजवता ढोलकीवर वाकलो आणि हळूच पहिला शब्द त्यांना सांगितला. मला येत होता. महिनाभर ते तालीम करायचे तेव्हा खाली सतरंज्या कोण घालत होतं? साहेबांनी शब्द उचलला आणि तिथून पुढे भजन असं गायले की जॉइंट सेक्रेटरी उभे राहिले.

मी हे कोणाला सांगितलं नाही. साहेबही मला त्यावर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हणाले, "अरे दफ्तरी, वो फाइल सिली क्या?" मी म्हणालो, "जी साहेब."

महिन्याभरात कॅसेट निघाली. आत छापील कार्ड. गायन, हार्मोनियम, ध्वनिमुद्रण, मंडप, सगळ्यांची नावं. चहापान कोणाकडून तेही. आणि तळाला : साथ, मंडळाचे कार्यकर्ते. कार्यकर्ते! म्हणजे जशी सतरंजी घातली तशी ढोलकी वाजवली. मी कार्ड वाचलं, परत आत सारलं, आणि पुन्हा मंडपात ढोलकी नेली नाही. पुढच्या वर्षी विचारायला आले तेव्हा म्हणालो, फुटली. फुटली नव्हती.

मग वर्षं गेली. साहेबांना गुडगावात अधिकाऱ्यांच्या सोसायटीत फ्लॅट मिळाला, तेव्हा तिकडे गव्हाची शेतं होती आणि लोक त्यांना हसायचे. आता त्याच रस्त्यावर माझ्या मुलाचा फ्लॅट आहे, चौदाव्या मजल्यावर. गुडगावचं गुरुग्राम झालं, दफ्तरीचा मी "अंकलजी" झालो. साहेब साहेबच राहिले.

तर ती रिंगटोन. सेक्रेटरीनं ती मधून कापायला घेतली होती, साहेबांच्या आवाजापासून. पण साहेबांच्या बायकोनं अडवलं. "देवाचं गाणं आहे, मधेच तोडू नका, अपशकुन होतो. सुरुवातीपासून घ्या." आता फोनमध्ये रिंगटोन चालते तीस सेकंद. आणि सुरुवातीची माझी ढोलकी चोवीस सेकंद. म्हणजे साहेबांच्या वाट्याला सहा उरली, आणि चोवीस सेकंद फोन वाजू देणारा माणूस दिल्लीत कोण आहे?

आठ दिवस मी राजा होतो. मंडळाचे शे-दीडशे फोन, आणि प्रत्येकात मी. मी मुद्दाम लोकांना फोन करायचो. काही काम नसताना. म्हणजे तिकडे वाजावं म्हणून. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला झालंय काय? सगळे विचारतायत." मी म्हणालो, "विचारू दे."

नवव्या दिवशी ग्रुपवर निरोप आला. सूनबाईनं वाचून दाखवला, कारण मला मोबाइलवरचं बारीक मराठी वाचता येत नाही आणि इंग्रजी अक्षरातलं मराठी तर मी वाचणारच नाही. तो असा : "सर्वांना नमस्कार. रिंगटोनमध्ये साहेबांचा आवाज येण्याआधीच कॉल उचलला जातो अशी तक्रार होती. वहिनींची परवानगी घेऊन सुरुवातीचा रिकामा भाग काढून टाकला आहे. नवीन फाइल जोडली आहे. जुनी डिलीट करावी."

"परत वाच," मी म्हणालो.

"सुरुवातीचा रिकामा भाग काढून..."

"रिकामा?"

"बाबा, असं म्हणतात. इंट्रोला."

"रिकामा भाग, सूनबाई? रिकामा तुझा सेक्रेटरी! त्याच्या बापानं टाळ्या वाजवल्यात त्या रिकाम्या भागाला, पुढं बसून!"

मी लगेच फोन लावला. तिकडे त्याच्या खिशात साहेब थेट शब्दापासून सुरू झाले असणार, मला इकडे काय ऐकू येणार. सेक्रेटरीनं उचलला.

"बोला काका."

"ढोलकी कोणी काढली?"

"अच्छा, ते. मीच. टेक्निकल इश्यू होता यार काका, साहेबांचा आवाजच ऐकू येत नव्हता. कार्यक्रम साहेबांचा आहे ना."

"ती ढोलकी कोणी वाजवली माहीत आहे?"

"कोणी?"

"मी."

तो म्हणाला, "अरे वा! हे माहीतच नव्हतं. कार्डावर नाव नाही तुमचं. बिल्कुल छान वाजवलीय काका. पण समजून घ्या ना, थोडी लांबली होती ती. दोन आवर्तनं ठीक होती."

लांबली होती! खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी जिभेवर. पण मी फोन ठेवला आणि सूनबाईला म्हणालो, "मला कापायला शिकव."

ती ऑफिसातून दमून आलेली, तरी बसली. माझी सून पुण्याची, जीभ धारदार, पण हाताला लागेल ते काम पुरं करते. तिनं एक अॅप उघडलं, जुनी फाइल घातली. पडद्यावर एक चित्र आलं. माझ्या प्रत्येक बोलाला एक उभी रेघ, शाईची बारीक, धुमाची म्हणजे डाव्या पुडीची जाड, मधे मोकळी जागा. हाताचं चित्र असतं हे मला माहीत नव्हतं. आणि पुढे साहेबांचा आवाज म्हणजे नुसता भरलेला पट्टा, कुठं काय कळत नाही. मी म्हणालो, "बघ, रिकामं कोणतं दिसतं?"

"बाबा, भांडू नका, बोट ठेवा. ही डावीकडची दांडी म्हणजे सुरुवात, ही उजवीकडची म्हणजे शेवट. शेवट कुठे करायचा?"

"समेवर."

"ते कुठे असतं?"

आता हिला सम कशी दाखवायची? मी मांडीवर ठेका धरला आणि म्हणालो, मी 'हां' म्हणेन तिथं. मी हां म्हणायचो आणि तिची दांडी एक केसभर पुढे. मग एक केसभर मागे. बोल अर्धा तुटायचा. मी म्हणायचो परत. अकरा वेळा केलं. फाइल शिवताना भोक जरा बाजूला पडलं की पान फाटतं, मी अशी फाइल कधी कोणाच्या टेबलावर ठेवलेली नाही.

"बाबा, रिंगटोन आहे हो! मैफल नाहीये."

"वाजतंय ना? मग समेवर थांबायचं."

बाराव्या वेळी तिनं कानात हेडफोन घातले, म्हणाली नीट ऐकून करते. ऐकता ऐकता तिनं भुवया वर केल्या. "बाबा, इथे कोणीतरी बोलतंय. साहेब गायला लागायच्या आधी. हळू आवाजात."

मी मांडीवरचा ठेका थांबवला.

तिनं परत ऐकलं. मग पहिला शब्द मोठ्यानं म्हणाली. मग साहेबांचा आवाज लावला, तोच शब्द. माझ्याकडे बघत राहिली. "हा तुमचा आवाज आहे. तुम्ही त्यांना सांगितलंत? ते विसरले होते?"

"कापून टाक ते."

"वेडे आहात का? हाच तर पुरावा आहे! हे ग्रुपवर टाका, रिकामा भाग म्हणणाऱ्यांची तोंडं..."

"सूनबाई, ते कापून टाक. त्याच्या आधी एक सम आहे, एकोणिसाव्या सेकंदाला. तिथं थांबव."

"पण का?"

मामा म्हणायचा, गवई चुकला तर चूक साथीदारानं गिळायची, आणि गिळलेलं ओकायचं नसतं. फडात एकदा एका पेटीवाल्यानं मुख्य बाईची चूक दारूच्या गुत्त्यात सांगितली, मामानं त्याला पुन्हा शेजारी बसू दिलं नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या मामांना कोणी कार्यकर्ता म्हणून छापलं नव्हतं." तिचं खोटं नव्हतं. पण कापायला लावलंच. शेवटची पाच सेकंद माझी सगळ्यात चांगली होती, त्यात शब्द सांगत सांगत वाजवलेला तुकडा होता. तो मी माझ्या हातानं टाकला. साहेबांसाठी. हे लक्षात ठेवा.

आता मला हवं होतं एवढंच : ज्या दिवशी सगळे जमतील त्या दिवशी सगळ्यांनी ऐकावं की ती जागा रिकामी नव्हती आणि तिथं मी होतो. हार नको, शाल नको.

कार्यक्रम साहेबांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होता. एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट, जरीकाठी उपरणं, साहेब खुर्चीत, गाण्याचा आवाज गेलेला पण ऐट तीच. ओवाळून झालं. सेक्रेटरीनं माइक घेतला, म्हणाला, "आता एक सरप्राइज. सगळ्यांनी आपापल्या फोनवर साहेबांची रिंगटोन लावा. वन, टू, थ्री!" शंभर फोनांतून साहेब गायला लागले, एक पुढे, एक मागे, एक मधूनच. नुसता कोलाहल. ठेका नसला की असं होतं. पण लोक टाळ्या वाजवत होते आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी.

मग सेक्रेटरी म्हणाला, कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर. मी उठलो. मुलानं सदरा धरला, "बाबा, नको." मी सदरा सोडवून घेतला.

"मी दफ्तरी," मी माइकवर म्हणालो. "साहेबांच्या सेक्शनला होतो. या गाण्याच्या सुरुवातीला ढोलकी आहे. ती आता काढलीय. रिकामी म्हणून काढलीय. ती मी वाजवली होती. ऐका."

आणि फोन माइकला लावला. एकोणीस सेकंद. समेवर बरोबर थांबली. लोकांनी हातातले फोन खाली घेतले. मागे एक म्हातारा "वा" म्हणाला. तेवढ्यावर मी खाली उतरलो असतो आणि सुखानं घरी गेलो असतो.

पण सेक्रेटरीला राहवेना. "वा काका! जबरदस्त!" म्हणाला. "पण एक विचारू का? एवढा वेळ एकटेच? साहेबांना गाऊ द्यायचं होतं की नव्हतं?"

हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "लग्न नवऱ्याचं आणि वरातीत घोडाच नाचला!" आणखी हसले. माझा मुलगा खाली मान घालून बसलेला मला दिसला. सूनबाई उभी राहिली होती, तिचा चेहरा लाल, ती आता बोलणार असं दिसत होतं. मी तिला हातानं बसवलं.

मी साहेबांकडे बघितलं. ते चार हातांवर होते. त्यांना सगळं ऐकू येतं, कान शाबूत आहेत. एक वाक्य पुरलं असतं. "मी विसरलो होतो, यानं सांभाळलं." एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं म्हटल्यानं काय कमी होतं? उलट लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. साहेब ताटातल्या दिव्यांकडे बघत होते. एकेक वात बोटानं पुढे सारत होते.

"बोला काका, का नाही थांबलात?" सेक्रेटरी.

"हौस होती," मी म्हणालो. "तेव्हा हातात जोर होता."

पुन्हा हशा. आणि तेव्हा साहेबांनी मान वर केली आणि तेही हसले. सुटल्यासारखे. लोकांच्या हसण्याचा मला राग नाही आला, त्यांना काय माहीत. साहेबांच्या त्या हसण्याचा जो आला तो मला सांगता येत नाही. मी जेवलो नाही. श्रीखंडाच्या वाट्या मांडल्या होत्या, त्यांच्यासमोरून निघून आलो.

गाडीत सूनबाई रडत होती, रागानं. "तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतं."

"तुझं बोलणं नव्हतं ते."

"मग कोणाचं होतं?"

"त्यांचं."

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. दुपारी. आयुष्यात पहिल्यांदा.

"अरे, जेवला नाहीस म्हणे परवा."

"भूक नव्हती साहेब."

"ढोलकी छान वाजली."

"तेव्हाही छानच वाजली होती."

त्यांनी घसा खाकरला. "तू बोलला नाहीस," म्हणाले.

"नाही बोललो."

"मी... बोलायला हवं होतं का?"

आता विचारतात! माझा तोल सुटला. म्हणालो, "साहेब, मी तुम्हाला दोनदा सांभाळलं. एकदा मंडपात, एकदा परवा. मंडपात तुम्हाला शब्द आठवत नव्हता, ते माणसाचं होतं. परवा आठवत होता."

"या वयात आता लोकांसमोर..."

"कोणत्या वयात मग? मी अठ्ठ्याहत्तरचा आहे."

"ग्रुपवर टाकतो काहीतरी," ते म्हणाले. "टाकतो. बघ तू."

त्यांनी टाकलं, हे मान्य करतो. त्यांना टाइप करता येत नाही, म्हणून बोलून टाकलं. सूनबाईनं लावलं. "सर्वांना नमस्कार. आमच्या भजनाच्या सुरुवातीची ढोलकी आमच्या ऑफिसमधल्या दफ्तरींनी वाजवली होती. शिक्षण नसतानाही त्यांनी उत्तम साथ केली होती. त्यांचं नाव यायला हवं. सुरुवातीचा भाग पुन्हा जोडावा अशी माझी इच्छा आहे." पुढे माझं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट.

खाली निरोपांची रांग लागली. हात जोडलेली चित्रं, फुलं. "केवढा मोठेपणा साहेबांचा!" "अशी माणसं आता नाहीत!" "लहानातल्या लहान माणसाची आठवण!" एकानंही मला फोन केला नाही. जे केलं मी, ते घेतलं त्यांनी, आणि मोठे पुन्हा साहेबच. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! शिक्षण नसतानाही म्हणे. शिक्षण असताना शब्द कोण विसरलं होतं?

मुलगा म्हणतो, "बाबा, आता काय राहिलं? नाव आलं, ढोलकी परत आली. तुम्हाला हवं काय नक्की?" त्याला वाटतं मी हट्टी आहे. आहे. नाव मला मिळालं ते बक्षिसासारखं मिळालं, आणि मी मागत होतो ते माझंच होतं.

सेक्रेटरीनं तीस सेकंदांची पहिली फाइल पुन्हा सगळ्यांना पाठवली. तिच्यात तेविसाव्या सेकंदाला माझी कुजबूजही आहे, कारण ती फाइल मी कापलेली नाही आणि मी पाठवलेलीही नाही. शे-दीडशे खिशांत आहे आता. मी काही ओकलेलं नाही. कान असेल त्यानं ऐकावं.

माझ्या फोनात मी ती घातली नाही. माझी माझी आहे, एकोणीस सेकंदांची. मला कोणी फोन केला की मी समेपर्यंत उचलत नाही. काही लोक कंटाळून ठेवतात. ठेवू देत.

परवा लिफ्टमध्ये वाजली. दहाव्या मजल्यावरचे सरदारजी होते, रोज खाली फिरायला येतात. मान हलवत ऐकत राहिले. वाजून संपली तेव्हा म्हणाले, "अंकलजी, कमाल है. कौन बजा रहा है?"

"मैं," मी म्हणालो.

"सच? और गाता कौन है इसमें?"

तळमजला आला. दार उघडलं.

"इसमें कोई नहीं गाता," मी म्हणालो, आणि बाहेर पडलो.